साडेतीन हात

ज्वाळेवर भाकर भाजत नाही.
आमच्या मातीच्या भट्टीपाशी उभं राहिलं की हे पोरालाही कळतं.
द्राक्षवेलीच्या काटक्या आधी भडकाव्यात, कडाडाव्यात, मग बसाव्यात,
धूर सगळा निघून जावा,
मग आतल्या भिंतीजवळ हात धरायचा
आणि दोन मोजेपर्यंत टिकला, तर पीठ थापायचं.
जे काही भाजतं ते नंतरच्या तापावर.

हे मला शिकवणारा माझा बाप, एरमिले,
स्वतः एकोणीस वर्षं नुसता धुमसत होता.
धूर होता. भाकर नव्हती.

त्सियालाचा नवरा तेव्हा तिबिलिसीच्या इस्पितळात,
मळ्यात कुणी नाही,
आणि एका रात्री बांधावरचा दगड सरकला.
आमच्या घरी असंच म्हणत: सरकला.
कर्ता नसलेलं वाक्य किती सोयीचं!
साडेतीन हात. एक माणूस आडवा मावेल एवढी जागा.
नवरा पेटीतून परत आला.
आमच्याकडे वेलींची एक ओळ जास्तीची बसली.

मोठ्या उपासाच्या आदल्या रविवारी
चर्चमध्ये सगळा गाव एकमेकांपुढे वाकतो.
मला क्षमा कर.
देव क्षमा करो.
सुना सासवांपुढे, सावकार ऋणकोपुढे,
फादर बेसारिऑन तर घंटा वाजवणाऱ्या पोरापुढे,
गुडघे मोडत, हसू दाबत.
बाप त्सियालापुढेही वाकायचा.
एकोणीस वर्षं वाकला. कमरेला सवय झाली.
ती म्हणायची, देव क्षमा करो,
आणि बोटावरचं मेण खरवडत पुढच्या माणसाकडे वळायची.

त्या वर्षी तो वाकला आणि तसाच राहिला.
मागची रांग थांबली. कुणीतरी खोकलं.
मला वाटलं, पाठ धरली.
"दगड," तो जमिनीकडे बघत म्हणाला.
मग बऱ्याच वेळानं, "मी."

त्सियालानं मेणबत्ती या हातातून त्या हातात घेतली.
"ठाऊक आहे," ती म्हणाली.
"त्याला पुरून आले त्याच संध्याकाळी दिसलं मला.
जुन्या जागी गवत पिवळं होतं, दगडाएवढंच.
क्षमा मी कधीच करून टाकली, एरमिले.
चिडून बसायला वेळ कुणाला होता?
पण दगडाला ते कोण सांगणार?"

फादरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, प्रार्थना म्हटली,
आणि जाता जाता म्हणाले,
"मळ्यात चिखल असेल. जाड बूट घाल."

सोमवारी उजाडायच्या आधी तो पहार घेऊन निघाला,
मी कंदील घेऊन.
दगड हलेना. आमच्या वेलींची मुळं
त्याच्या पोटाखाली घर करून बसली होती.
ती तोडताना बाप रडत होता की धापत होता,
कंदिलाच्या उजेडात मला नीट कळलं नाही,
आणि नंतर मी विचारलंही नाही.
त्सियाला आली, शालीत गुंडाळलेली,
पालथ्या बादलीवर बसली.
तो थांबला की म्हणायची, "अजून."
तो पुन्हा थांबला.
"अजून एक वीत."
लबाडी नव्हती त्याची, माप विसरला होता तो.
ती विसरली नव्हती.

त्या ओळीचं काय करायचं, त्यानं विचारलं.
उपटून टाकू?
"वेलींना काय म्हणून शिक्षा?" ती म्हणाली.
"द्राक्षं गोड आहेत. छाटणी मात्र तूच करत जा,
मला कात्री पेलत नाही."
आणि गेली, बादली तिथंच ठेवून.

मला अजून उलगडत नाही:
क्षमा तर आधीच झाली होती,
मग त्या पहाटे आम्ही काय आणायला गेलो होतो?

दगड उचलला तिथं, तिच्या झालेल्या जमिनीत,
एक फिकट चौकोन उरला,
गांडुळं, आणि उजेड न पाहिलेलं गवत.
ईस्टर आला, लाल अंडी फुटली,
चौकोन हिरवा झाला नव्हता.
बाप रोज भट्टी पेटवायचा,
आणि ज्वाळा बसेपर्यंत
तिकडे जाऊन बघून यायचा.